शहीद शोएबुल्लाह खान : आपल्याच माणसांना खरं सांगणारा संपादक

17 सप्टेंबर जवळ आला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एका प्रकारात मराठवाड्यातला तेव्हाचा प्रत्येक मुसलमान रझाकार होता आणि आजचा प्रत्येक मुसलमान त्यांचीच औलाद आहे, असं ठासून सांगितलेलं असतं. दुसरा प्रकार आपल्याच ग्रुपवर येतो. त्यात कासिम रझवी हा मिल्लतचा शेर असतो, रझाकारांनी कुणाला बोटसुद्धा लावलेलं नसतं आणि हैदराबादवर सगळा जुलूम बाहेरून येऊन झालेला असतो. पाठवणारे एकमेकांचे कट्टर विरोधक, पण दोघांच्याही मेसेजमध्ये एक नाव कधीच नसतं. ते नाव शोएबुल्लाह खान.

काही वर्षांपूर्वी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपल्यावर सातवीतला एक मुलगा वर्गाबाहेर रेंगाळत उभा राहिला. खेळताना कुणीतरी त्याला रझाकार म्हटलं होतं. रझाकार म्हणजे काय आणि आपण लोक खरंच ते होतो का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आम्ही बीएड केलेलं, इतिहास शिकवणारे, पण त्या क्षणी आमच्याकडे त्याला सांगण्याजोगं धड उत्तर नव्हतं. शोएबुल्लाह यांचं नाव कानावर होतं, चरित्र ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही उर्दू-मराठीत जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं जे पक्कं वाटलं ते इथे मांडतो आहोत.

शोएबुल्लाह यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1920 चा, तेव्हाच्या वरंगल जिल्ह्यातल्या महबूबाबाद भागातला. वडील हबीबुल्लाह खान रेल्वे पोलिसात होते. घरात एक आठवण सांगितली जाई, की मुलगा जन्मला त्या सुमारास गांधीजी रेल्वेने त्या बाजूने गेले होते आणि वडिलांना मुलाच्या चेहऱ्यात गांधींची झाक दिसायची, म्हणून ते त्याला लाडाने शोएबुल्लाह गांधी म्हणत. पुढे मुलाने उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतली. तिथलं शिक्षण उर्दूतून चालायचं. पदवीधर मुसलमान तरुणाला निझामाच्या राज्यात सरकारी नोकरी मिळणं तेव्हा अवघड नव्हतं. शोएबुल्लाह यांनी वर्तमानपत्राची वाट धरली.

त्या काळचं हैदराबाद डोळ्यांसमोर आणलं तरच या वाटेची जोखीम कळेल. दीड कोटीच्या वर वस्ती, त्यात मुसलमान शंभरात तेरा-चौदा. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी रयत, दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू. आमचा हिंगोलीचा मुलूख परभणी जिल्ह्यात होता आणि पैनगंगा ओलांडली की पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड लागायचा. लोकांनी निवडून दिलेलं सरकार ही गोष्टच नव्हती. 1946 मध्ये जे कायदेमंडळ आणलं गेलं, त्यात हिंदू आणि मुसलमानांना समसमान जागा होत्या. वस्तीच्या प्रमाणाशी त्याचा मेळ नव्हता, आणि खरी सत्ता तरीही निझाम मीर उस्मान अली खान यांच्याकडेच होती. शंभरात दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नसे. त्यामुळे बातमी म्हणजे कुणीतरी वाचून दाखवलेली, चहाच्या हॉटेलात ऐकलेली, सभेत कानावर पडलेली. आज आपल्याकडे मेसेज पुढे ढकलला जातो, तेव्हा तोंडी ढकलला जायचा. फरक वेगाचा.

वर्तमानपत्र काढायला सरकारचा परवाना लागायचा आणि तो केव्हाही काढून घेतला जायचा. आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्यातून काढावं लागलं, आणि निझाम सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा काढायचे. उर्दू पत्रांचीही तीच गत होती, फक्त ती सरकारच्या नाकासमोर निघायची. शोएबुल्लाह पहिल्यांदा ‘तेज’ या उर्दू साप्ताहिकात उपसंपादक झाले. ते बंद पाडलं गेलं. मग मंदुमुल नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’ या उर्दू दैनिकात गेले. तेही बंद पाडलं गेलं. उर्दू ही फक्त मुसलमानांची भाषा आणि मुसलमान म्हणजे निझामाचा माणूस, असं आज सर्रास धरून चालतात. ‘रय्यत’चा मालक तेलुगू हिंदू, त्याचा उपसंपादक मुसलमान आणि दोघंही प्रजेच्या राज्याच्या बाजूचे, हे त्या हिशेबात बसत नाही.

आता दुसरा माणूस. कासिम रझवी हा आपल्या मराठवाड्यातला, लातूरचा वकील. अलिगढला शिकलेला. बहादूर यार जंग 1944 मध्ये वारले, त्यानंतर काही काळाने तेव्हाच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रं रझवीच्या हाती आली आणि रझाकार ही तिची फौज झाली. मजलिसने आधीपासून एक विचार पेरला होता, अनल मलिक. राज्याची मालकी एकट्या निझामाची नाही, इथला प्रत्येक मुसलमान त्या सत्तेचा हिस्सेदार आहे, असा त्याचा अर्थ. दिवसभर टांगा हाकून संध्याकाळी ज्वारीची भाकरी जेमतेम मिळवणाऱ्याला, विणकराला, पिंजाऱ्याला सांगितलं जायचं की तू राजा आहेस. जमिनी जहागीरदारांकडे आणि देशमुखांकडे, कचेरीत अर्ज पुढे सरकवायचा तर हात ओले करायचे, पण हा गरीब राजा! आम्हाला वाटतं, सगळ्या खोटेपणाची मुळी इथेच आहे. स्वतःचं राज्य मिळवण्याचा जो हक्क त्या गरिबाला शेजारच्या हिंदू कुळाच्या बरोबरीने मागता आला असता, तो त्याला आधीच मिळाला आहे असं भासवून त्याच्याकडून काढून घेतला गेला.

15 ऑगस्ट 1947 नंतर ही भाषा आणखी चढली. रझवी सभांमधून सांगायचा की आसफजाही झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निझामाचे पाय धुतील, भारताची फौज आत शिरली तर हिंदुस्थानातले कोट्यवधी मुसलमान उठतील. यातल्या एकाही गोष्टीला बूड नव्हतं. कुणी विचारलं नाही, असं मात्र नाही. विचारणारा एक तरुण संपादक तिथे होता.

‘रय्यत’ बंद झाल्यावर शोएबुल्लाह यांनी स्वतःचं दैनिक काढायचं ठरवलं. बुर्गुल रामकृष्णराव यांनी मदत केली. घरातले दागिनेही त्यात गेले असं सांगतात. 15 नोव्हेंबर 1947 ला हैदराबादेतून ‘इमरोझ’चा पहिला अंक निघाला. इमरोझ म्हणजे आज. दोनच आठवड्यांनी, 29 नोव्हेंबरला, निझाम आणि भारत सरकार यांच्यात एक वर्षाचा जैसे-थे करार झाला. त्या मुदतीत हैदराबादने आपलं भवितव्य ठरवायचं होतं. म्हणजे ‘इमरोझ’ निघालं ते नेमकं अशा वेळी, जेव्हा रयतेला खरी माहिती सगळ्यात जास्त हवी होती.

शोएबुल्लाह काय लिहीत होते? सांगायला साधं आहे. हैदराबाद चारी बाजूंनी भारताने वेढलेलं आहे, त्याला समुद्र नाही, ते वेगळं टिकणार नाही. रयतेतले बहुसंख्य लोक विलीनीकरणाच्या बाजूचे आहेत. राज्यात जबाबदार सरकार आलं पाहिजे, म्हणजे प्रजेला उत्तर देणारं सरकार. रझाकार खेड्यापाड्यांत लूट आणि जाळपोळ करत आहेत आणि ती थांबली पाहिजे. एका अग्रलेखात त्यांनी दिवसाचं सरकार आणि रात्रीचं सरकार असा भेद केला. दिवसा कचेरीत निझामाचा अंमल, अंधार पडला की रझाकारांचा. परभणी-नांदेडकडच्या खेड्यांतल्या कुठल्याही जुन्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नसतं. आमच्या वसमतकडचे हुतात्मा बहिर्जी शिंदे याच काळात लढले, त्यांचं नाव इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्याच लढाईची दुसरी आघाडी एक मुसलमान संपादक उर्दूतून लढत होता, हे मात्र मुलांना माहीत नाही, आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे.

हेच विचार मराठी किंवा तेलुगू पत्रांत येत होते तेव्हा रझवीला त्याचा फार त्रास नव्हता. हे दुश्मनांचं लिहिणं आहे, एवढं म्हटलं की काम भागायचं. शोएबुल्लाह यांचं तसं करता येत नव्हतं. नाव मुसलमानाचं, भाषा उर्दू, वाचक मजलिसचेच. खोट्या प्रचाराला बाहेरच्या विरोधकाचा उपयोगच होतो, लोक आणखी घट्ट होतात. घरातला माणूस तेच सांगू लागला की ऐकणारा थांबून विचार करतो. म्हणून त्यांच्यावर गद्दार हा शिक्का मारला गेला. धमकीची पत्रं आली. हितचिंतकांनी जपून राहायला सांगितलं. त्यांनी लिहिणं सोडलं नाही.

सूरह निसामध्ये हुकूम आहे की साक्ष न्यायाची द्या, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जाणारी का असेना. जुम्याच्या बयानात हे आपण कितीतरी वेळा ऐकलेलं असतं. शोएबुल्लाह यांच्या मनात लिहिताना ही आयत होती की नाही, कुणी सांगू शकत नाही. त्यांच्या वागण्यात ती दिसते.

ते अगदी एकटे होते असंही नाही. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादच्या सात मुसलमान गृहस्थांनी एक निवेदन काढलं. रझाकार संघटना मोडून काढा आणि भारताशी सन्मानाने जुळवून घ्या, असं त्याचं सार होतं. सही करणाऱ्यांत बाकर अली मिर्झा होते, तसेच फरीद मिर्झा होते. हे फरीद मिर्झा नांदेड जिल्ह्यात तहसीलदार होते. रझाकारांचे अत्याचार डोळ्यांनी पाहून त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं होतं. अशा निवेदनाला तेव्हा जागा कोण देणार? ‘इमरोझ’ने ते छापलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबादच्या झमर्रुद महल टॉकीजमधल्या सभेत रझवीने जाहीर धमकी दिली, की मुसलमानांच्या सत्तेविरुद्ध जो हात उठेल तो तोडला जाईल. 21 ऑगस्टच्या रात्री शोएबुल्लाह काम संपवून मेहुणे इस्माईल खान यांच्याबरोबर पायी घरी निघाले. मध्यरात्र उलटली होती. काचीगुड्याजवळ, चप्पल बाजारच्या रस्त्यावर, काही जणांनी त्यांना गाठलं. पाठीमागून गोळी घातली आणि तलवारीने हात तोडला. सोडवायला धावलेल्या इस्माईल खान यांच्याही हातावर घाव बसले, ते जगले. शोएबुल्लाह 22 ऑगस्टच्या पहाटे गेले. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. मागे म्हातारे आई-वडील आणि तरुण बायको. ‘इमरोझ’चं आयुष्य सारं मिळून नऊ महिन्यांचं.

आणि मग फक्त 26 दिवस.

13 सप्टेंबरला भारताची फौज सगळ्या बाजूंनी आत आली आणि 17 सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली. लाल किल्ला राहिला बाजूला, रझाकारांना सोलापूर-हैदराबाद रस्ताही चार दिवस धरता आला नाही. कोट्यवधी मुसलमान उठले नाहीत, कुणी मदतीला आलं नाही. 23 सप्टेंबरला निझामांनी स्वतः रेडिओवरून सांगितलं, की रझवीच्या टोळक्याने हिटलरसारखे मार्ग वापरून राज्य ताब्यात घेतलं होतं आणि आपल्याला लाचार केलं होतं. एक महिन्यापूर्वी हेच लिहिणाऱ्या संपादकाचा खून पडला होता, आणि आता खुद्द बादशहा ते सांगत होता.

किंमत कुणी मोजली, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या आणि कर्नाटकाकडच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते पाहायला भारत सरकारनेच एक सद्भावना मंडळ पाठवलं. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख. बरोबर काझी अब्दुल गफ्फार होते, तेही हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक राहिलेले. त्यांच्या अंदाजाने 27 हजार ते 40 हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. मेलेल्यांतले कितीतरी लोक रझाकार नव्हतेच. आमच्या आजीला गावच्या पाटलाने कडब्याच्या गंजीमागे दोन दिवस लपवलं होतं, ती हे सांगताना पाटलाला दुवा द्यायची आणि रझवीला शिव्या. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. रझाकारांनी हिंदू खेड्यांवर जे केलं ते खरं, आणि नंतर निरपराध मुसलमानांवर जे झालं तेही खरं. पण अहवाल दाबल्यामुळे दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं खरं वाटून घ्यायला मोकळीक मिळाली. त्याच अर्ध्या-अर्ध्या खऱ्याचे मेसेज आज आपल्या मोबाईलवर येतात.

रझवीचं काय झालं? बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात त्याला सात वर्षांची शिक्षा लागली. 1957 मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला, 1970 मध्ये कराचीत वारला. ज्यांना त्याने राजा म्हटलं होतं, ते टांगेवाले आणि विणकर इथेच राहिले. जळालेली घरं त्यांनीच पुन्हा उभी केली.

प्रजेचं राज्य शेवटी आलं. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत आमच्या हिंगोलीच्या लोकांनी हैदराबाद विधानसभेसाठी मत दिलं. बाई असो, बाप्या असो, हिंदू, मुसलमान, दलित, प्रत्येकाला एक मत. टांगेवाल्याला राज्यात खरोखरीचा हिस्सा मिळाला तो त्या दिवशी. त्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते बुर्गुल रामकृष्णराव, ज्यांनी ‘इमरोझ’ उभं करायला हात दिला होता. शोएबुल्लाह असते तर तेव्हा एकतीस वर्षांचे असते.

त्या मताचं आपण काय करतो, हा आता आपला प्रश्न आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री अमुक उमेदवार असं बोलला, तमुक मोहल्ल्यातली नावं यादीतून उडवली, असे मेसेज येतात आणि सकाळपर्यंत तालुकाभर पोचलेले असतात. यादीतली नावं खरोखर गळतात, म्हणून तर खोट्या मेसेजवरही विश्वास बसतो. यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते, पण पाहायचा त्रास कोण घेतो! आम्हीही शहाणे नाही. एकदा असाच एक मेसेज, आपल्या लोकांच्या भल्याचा वाटला म्हणून, आम्ही खातरजमा न करता तीन ग्रुपवर टाकला. तो दुसऱ्या राज्यातला, जुना आणि मोडतोड केलेला निघाला. तिन्ही ग्रुपवर तसं लिहून माफी मागितली. दोन ठिकाणी कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या ठिकाणी, जो आपल्याच बिरादरीचा ग्रुप, तिथे आम्हालाच विचारलं गेलं की तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे. शोएबुल्लाह यांना जे सोसावं लागलं त्यापुढे हे काहीच नाही, पण त्या सवालाची जात कोणती ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्या सातवीतल्या मुलाला आम्ही पुढच्या वर्षी सगळी हकीकत सांगितली. मुक्तिसंग्राम दिनाला त्याने शोएबुल्लाह खान यांच्यावर पाच मिनिटांचं भाषण केलं, मराठीत. खाली बसलेल्यांत ज्याने त्याला रझाकार म्हटलं होतं तोही होता. भाषणानंतर त्यानेच विचारलं, की या संपादकाच्या पेपरचा एखादा अंक बघायला मिळेल का. आमच्याकडे नव्हता, अजूनही नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या भागात किंवा नांदेड-परभणीकडे ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत जुनी उर्दू वर्तमानपत्रं असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एकदा चाळावीत. 15 नोव्हेंबर 1947 ते ऑगस्ट 1948 या काळातलं ‘इमरोझ’चं एखादं पान, फाटकं का असेना, सापडलं तर या संकेतस्थळाच्या संपादकांना कळवावं. घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल आणि त्या दिवसांची आठवण असेल, तर तीही लिहून घ्यावी. ती आपल्याला आवडणारी नसली, तरीसुद्धा.